नाताळ घरी, माणसं पंचवीस, आणि बाबा नसतानाचा पहिलाच

थोरली सून | १४ नोव्हेंबर

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसतं वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय.

नाताळाला अख्खं कुटुंब आमच्या घरी जमतं. माझं लग्न व्हायच्या आधीपासूनची रीत आहे. घरचे आम्ही सहा. दोघे दीर, जावा आणि त्यांची मुलं मिळून नऊ. दोन्ही नणंदांकडचे सात. मामेसासरे, मामी आणि सासूबाईंची धाकटी बहीण. झाले पंचवीस. त्यात बारा वर्षांखालची आठ, सगळ्यात धाकटं दहा महिन्यांचं आणि नुकतंच रांगायला लागलेलं. दोघं जण मांसाहार करत नाहीत. एका पुतण्याला कसलाही सुकामेवा चालत नाही, घसा सुजतो. चोवीसच्या दुपारी सगळे येतात आणि सव्वीसच्या सकाळी निघतात.

आजवर हे सगळं दोन माणसांनी पेललं. स्वयंपाकघर आईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं. गव्हाणीचा देखावा बाबांचा. पंचवीसला जेवायला बसण्याआधी लूकच्या शुभवर्तमानातला दुसरा अध्यायही बाबाच वाचायचे. यंदा मार्चमध्ये बाबा गेले. आईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालीय, जास्त वेळ उभं राहवत नाही. त्या म्हणाल्या, "यंदा ज्याने त्याने आपापल्या घरी करा." मुलांनी ऐकलं नाही. यंदा तर जमायलाच हवं, असं तिघा भावांचं म्हणणं. आईने खुर्चीत बसायचं, कशाला हात लावायचा नाही, असंही त्यांनी ठरवून टाकलं. मी वीस तारखेपासून रजा टाकलीय आणि सगळं माझ्या अंगावर घेतलंय.

ओव्हन एक, फ्रीज एक, झोपायच्या खोल्या चार. हे कसं बसवायचं, भेटवस्तूंचं काय करायचं, हे तुम्हाला विचारायचंय. आणि आणखी एक. बाबांचं देखाव्याचं खोकं माळ्यावर तसंच आहे. ते काढायचं की नाही, आणि वाचन कोणी करायचं, हे घरात कोणी तोंडातून काढतच नाहीये.

ओसरी | १४ नोव्हेंबर

थोरली सून, खोल्या आणि ओव्हनचं बाकीचे सांगतील. मी एकच सांगते. आईंना खुर्चीत बसवू नका.

आम्ही ही चूक केलीय. वडील गेले त्या वर्षी आम्ही बहिणींनी आईला अंगावर शाल घालून दिवाणखान्यात बसवलं. "तू आता आराम कर." सगळ्यांच्या मनात मायाच होती. सोयीसाठी आम्ही तिच्या स्वयंपाकघरातली कपाटंही नव्याने लावली. दुपारी ती पाणी प्यायला आत आली आणि मला म्हणाली, "पेले कुठे ठेवलेत गं आता?" चाळीस वर्षं तिने ज्या घरात पाणी भरलं, त्या घरात तिला पेला विचारावा लागला. चारच्या सुमाराला डोकं दुखतंय म्हणून ती आत जाऊन पडली, ती रात्रीपर्यंत उठली नाही.

ज्या बाईचा जोडीदार गेलाय, तिच्या हातातलं कामही त्याच वर्षी काढून घ्यायचं, म्हणजे तिच्याकडे उरतं काय? उभं राहवत नसेल तर बसून होणारी कामं द्या. पण खरीखुरी द्या. मन राखायला दिलेलं काम माणसाला कळतं. मसाला किती, गोड किती, आधी काय वाढायचं, हे त्यांना ठरवू द्या. "यंदा नको" असं त्या का म्हणाल्या, हे कोणी बसून विचारलंय का?

थोरली सून | १४ नोव्हेंबर

नाही विचारलं. आम्ही धरूनच चाललो की दमणूक नको म्हणून म्हणत असतील.

धाकटा दीर | १५ नोव्हेंबर

माझ्या नावावरून कळेलच, मी अशाच एका घरातला धाकटा. आमच्याकडे वीसेक माणसं असतात. मी वर्षानुवर्षं स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून "वहिनी, काय करू?" असं विचारायचो आणि त्यालाच मदत समजायचो. एकदा वहिनी शांतपणे म्हणाली, "भाऊजी, काय करायचं हे सांगायचं कामही माझंच आहे ना." ते मला लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

तेव्हापासून पंचवीसचा सकाळचा नाश्ता पूर्ण माझा. काय करायचं, सामान काय, ते आणायचं कधी, किती वाजता द्यायचं, आणि नंतर ओटा पुसून भांडी जागेवर लावायची, इथपर्यंत. वहिनीला त्यातलं काही लक्षात ठेवावं लागत नाही. पहिल्या वर्षी दूध कमी पडलं. ती काही बोलली नाही, मीच बाहेर पडून आणलं. तिने तेव्हा सावरून घेतलं असतं, तर ते काम पुन्हा तिच्याकडेच गेलं असतं.

तुम्ही वीसपासून रजा टाकलीत हे वाचून वाईट वाटलं. तिघा भावांनी एकत्र यायचं ठरवलं ना, मग त्या तिघांच्या वाट्याला काय आलं? बिछाने एकाला द्या: खोल्या कोणाला, गाद्या-पांघरुणं किती, कोणाकडून येणार, कुठे ठेवायची. आणणं-पोचवणं आणि भांडी दुसऱ्याला. तुमच्या यजमानांना चोवीसची रात्र. त्या रात्री कोण मध्यरात्रीच्या प्रार्थनेला जाणार आणि लहानग्यांजवळ घरी कोण थांबणार, हे आधी ठरलेलं नसेल तर ऐन वेळी बायकांवरच येतं.

मोगरी | १५ नोव्हेंबर

धाकटा दीर, प्रतिसादाला शंभर वेळा अनुमोदन. नवऱ्याला वाचायला दिलाय.

गणितशिक्षक | १५ नोव्हेंबर

भेटवस्तूंबद्दल. पंचवीस जणांनी प्रत्येकाने प्रत्येकाला द्यायचं तर सहाशे वस्तू होतात. तेव्हा मोठ्यांपुरत्या चिठ्ठ्याच बऱ्या: एकाने एकालाच द्यायचं, रकमेची मर्यादा आधी ठरवायची.

पण टोपीत चिठ्ठ्या टाकून उचलायच्या पद्धतीत एक अडचण हमखास येते. निदान एकाला तरी स्वतःचंच नाव येण्याची शक्यता सुमारे ६३ टक्के असते. माणसं दहा असोत की शंभर, हा आकडा जवळपास हलत नाही. मग सगळ्या चिठ्ठ्या परत टाका, पुन्हा उचला, तोवर दोघांची नावं फुटलेली. त्यापेक्षा चिठ्ठ्या पिसून पालथ्या गोलाकार मांडा. प्रत्येकाने आपल्या उजवीकडच्याला द्यायचं, शेवटच्याने पहिल्याला. स्वतःचं नाव येणं शक्यच नाही. नवरा-बायको शेजारी आले तर दोन चिठ्ठ्या बदलायच्या. हे खेळात नसलेल्या कोणाकडून तरी करून घ्या. तुमच्याकडे दहा-अकरा वर्षांचं एखादं मूल असेलच, त्याला ही जबाबदारी फार आवडते आणि ते गुपितही चोख ठेवतं.

पाकिटं एकेक करून उघडा. सगळ्यांनी एकदम फोडली की पाच मिनिटांत कागदांचा ढीग होतो, आणि कोणी कोणासाठी काय शोधून आणलं होतं ते कोणालाच कळत नाही. आमच्याकडे या गोष्टीला दीड तास लागतो, आणि तो दीड तास मला वर्षभर पुरतो.

थोरली सून | १६ नोव्हेंबर

सर्वांचे आभार. काल रात्री आईंजवळ बसले. "यंदा नको" का, असं विचारलं. बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "वाचायची वेळ होईल आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघतील." दमणुकीचा प्रश्नच नव्हता.

त्यावर काय बोलावं ते मला सुचलं नाही. मी विषय बदलला नाही, एवढंच. मग त्यांनी आपण होऊन विचारलं, केकचं फळ भिजवलंस का. नव्हतं भिजवलं. आज दोघींनी मिळून भिजवलं. मनुके निवडायचं काम त्यांनी खुर्चीत बसून केलं, प्रमाण तोंडपाठ होतं.

ओव्हनचं कोणीतरी सांगा.

मोठं पातेलं | १६ नोव्हेंबर

माझं काम मोठ्या स्वयंपाकांचं, म्हणून सविस्तर लिहितो.

एका ओव्हनवर पंचवीस माणसं जेवतात, फक्त वेळापत्रक उलटं लिहायचं. आधी जेवणाची वेळ ठरवा, समजा दुपारी दीड. तिथून मागे मोजत या. टर्की किंवा कुठलाही मोठा पक्षी अख्खा भाजणार असाल तर तो ओव्हनमधून काढल्यावर अर्धा-पाऊण तास झाकून ठेवायचाच असतो. त्याने रस आत मुरतो, कापताना मांस कोरडं पडत नाही. म्हणजे ओव्हन साडेबारा-पाऊणला मोकळा होतो आणि बाकीचं भाजणं-गरम करणं त्या वेळात बसतं. बरेच जण या अर्ध्या तासाचा हिशेब धरत नाहीत आणि मग दुसऱ्याकडून ओव्हन मागून आणतात.

गोठलेला पक्षी असेल तर फ्रीजमध्येच सुटू द्या. साधारण दर दोन किलोंना एक दिवस लागतो. सहा किलोंचा असेल तर तीन दिवस, आणि वर एक दिवस हाताशी ठेवा. ओट्यावर रात्रभर ठेवून सोडवू नका, बाहेरचा भाग गरम होतो आणि आत बर्फच राहतो. कच्चा पक्षी नळाखाली धुऊही नका. त्याचे शिंतोडे ओटाभर उडतात आणि शेजारी ठेवलेल्या कोशिंबिरीत जातात. शिजलाय की नाही हे रंगावरून ठरवू नका. मांडीच्या सगळ्यात जाड भागात तापमापी खुपसा, हाडाला न लावता. ७४ अंश सेल्सिअस दिसलं की झालं.

फ्रीज एकच असल्यामुळे तिथली जागा हीच तुमची खरी अडचण ठरेल. सरबतं-पाणी फ्रीजमध्ये ठेवू नका, बर्फाच्या टोपात ठेवा. उरलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जायला हवं. मोठ्या पातेल्यात तसंच ठेवलं तर मधलं अन्न तासन्‌तास कोमट राहतं, म्हणून उथळ भांड्यांत पसरून ठेवा. नाताळाच्या दुपारी जेवून सगळे गप्पांत रमतात आणि पातेली संध्याकाळपर्यंत टेबलावर उघडी राहतात. पोटं बिघडतात ती त्यानंतर.

सुकामेव्याबद्दल माझं ठाम मत: पुतण्यासाठी वेगळा केक करू नका. सगळ्यांचाच केक त्याला चालेल असा करा. वेगळा केला की सुरी, ताटली, कुणाच्या तरी हाताला लागलेला चुरा, सगळ्यांवर लक्ष ठेवावं लागतं. आणि ते पोर दरवर्षी आपली वेगळी ताटली घेऊन कोपऱ्यात बसतं. बदाम-काजू नसले तरी फळांचा केक उत्तम होतो. विकतच्या वस्तूंच्या वेष्टनावरची यादी मात्र प्रत्येक वेळी वाचा. गेल्या वर्षी चाललेली वस्तू यंदा चालेलच असं नाही. मांसाहार न करणाऱ्या दोघांनाही नुसत्या कडेच्या भाज्यांवर भागवायला लावू नका. त्यांच्यासाठी मानाचा एक मुख्य पदार्थ करा, आणि तो सगळ्यांना पुरेल एवढा करा, कारण बाकीचेही घेणारच.

रात्रपाळी | १७ नोव्हेंबर

मी मुलांच्या वॉर्डात काम करते. दहा महिन्यांचं बाळ रांगतंय असं वाचलं म्हणून लिहितेय.

खेळण्यांतल्या, दूरनियंत्रकातल्या, गाणाऱ्या शुभेच्छापत्रांतल्या चपट्या गोल बॅटऱ्या. बाळाने गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून भाजायला सुरुवात होते. बाळ गुदमरत नाही, पहिल्यांदा फारसं रडतही नाही, म्हणून उशीर होतो. नुसती शंका आली तरी उलटी करवायची नाही, वाट बघायची नाही, थेट रुग्णालय गाठायचं. पंचवीस माणसांच्या घरात पाकिटं उघडताना जमिनीवर काय पडलं ते कोणालाच दिसत नाही. त्या वेळी एका मोठ्या माणसाने फक्त बाळाकडे आणि जमिनीकडे बघायचं, असं नाव घेऊन ठरवा. "सगळे आहेत ना" म्हणजे कोणीच नाही.

झाड आणि दिव्यांच्या माळा बाळाला ओढता येणार नाहीत अशा ठिकाणी. मेणबत्त्या उंचावर, आणि खोली सोडताना विझवायच्या.

आणखी एक. चारपैकी एक खोली पूर्ण शांत ठेवा. तिथे कोणाचं सामान नाही, टीव्ही नाही. स्तनपानाला, डोकं उठलेल्या मुलाला, आणि तुमच्या आईंनाही. पहिल्या वर्षी माणसाला मधेच रडू येतं. तेव्हा जायला दार असावं आणि आत कोणी मागोमाग येऊ नये.

परतीची वाट | १८ नोव्हेंबर

थोडा वेगळा विचार मांडते. सगळ्यांनी पंचवीसलाच यायला हवं, हा हट्ट मी स्वतः सोडला. माझ्या दोन्ही लेकी लग्न झालेल्या. त्यांच्या सासरीही नाताळ असतो. दरवर्षी कोणीतरी डोळ्यांत पाणी आणून निघायचं, किंवा एकाच दिवशी दोन घरी अर्धं-अर्धं जेवायचं.

ख्रिस्तजन्माचा सण एका दिवसाचा नाहीच मुळी. पंचवीसपासून पाच जानेवारीपर्यंत बारा दिवस, आणि मग सहाला प्रकटीकरणाचा सण. कॅथलिक पंचांगात नाताळानंतरच्या रविवारी पवित्र कुटुंबाचा सण येतो. नाताळच रविवारी पडला तर तो तीस डिसेंबरला. रशिया, सर्बिया अशा ठिकाणच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये जुन्या ज्युलियन पंचांगाप्रमाणे नाताळ सात जानेवारीला येतो, तिथे तो काही कमी पवित्र नसतो. आम्ही मोठं जेवण त्या पवित्र कुटुंबाच्या रविवारी ठेवतो. पंचवीसला आम्ही दोघंच असतो, चर्चला जाऊन येतो, साधं जेवतो. सुरुवातीला घर फार रिकामं वाटलं. आता तो शांत दिवसही मला हवासा वाटतो.

ओसरी | १८ नोव्हेंबर

परतीची वाट, पटतं. पण ज्या घरातलं माणूस नुकतंच गेलंय, तिथे पहिल्या वर्षी तारीख हलवू नये असं मला वाटतं. पुढच्या वर्षी खुशाल हलवा.

जुनी वही | १९ नोव्हेंबर

खोक्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

गव्हाणीचा देखावा म्हटलं की आपल्याला मूर्ती आठवतात. पण १२२३ साली असिसीच्या संत फ्रान्सिसने इटलीतल्या ग्रेच्चो गावी जो नाताळ केला, त्यात मूर्ती नव्हत्याच. गव्हाणी, गवत, एक बैल, एक गाढव आणि मशाली घेऊन आलेली गावची माणसं. बेथलेहेमातल्या बाळाची गैरसोय आपल्या डोळ्यांनी बघावी, एवढीच त्याची इच्छा. तेव्हा बाबांनी मांडला तसाच देखावा झाला पाहिजे, या ओझ्याखाली राहू नका. तसा होणारही नाही. खोकं काढा, मुलांपुढे ठेवा आणि आईंना शेजारी बसवा. मेंढपाळ कुठे असायचे ते त्यांना आठवेल. मुलं ते दुसरीकडेच ठेवतील. ठेवू द्या.

आमच्या घरी चोवीसच्या रात्रीपर्यंत गव्हाणी रिकामी असते. बाळ घरातलं सगळ्यात धाकटं मूल ठेवतं. पूर्वेकडचे ज्ञानी लोक लांब खिडकीत असतात आणि रोज थोडे पुढे सरकत सहा जानेवारीला पोचतात.

वाचनाचं म्हणाल तर लूकच्या दुसऱ्या अध्यायातली पहिली वीस वचनं एकानेच वाचावीत असं कुठे आहे? नावनिशी, प्रवास, जन्म, मेंढपाळ, देवदूत, मेंढपाळांचं परत जाणं. सहज पाच-सहा तुकडे पडतात. सगळ्यात लहान वाचता येणाऱ्यापासून सगळ्यात थोरल्यापर्यंत वाटून द्या. सगळ्यांची नजर आपल्या ओळीवर राहील, आईंच्या तोंडाकडे बघत कोणी बसणार नाही. बाबांची प्रत वापरा. ती हातोहात फिरू दे.

थोरली सून | २८ डिसेंबर

उशिरा लिहितेय. सगळे गेले, घर आवरून झालं.

रजा मी तेवीसपासूनच घेतली. तिघा भावांनी कामं घेतली. बिछान्यांत दोन पांघरुणं कमी पडली. मी गप्प राहिले. दिरांनी मामांकडून मागवून घेतली. मधल्या दिरांनी भांडी घासली आणि पुसून लावलीसुद्धा, फक्त चुकीच्या कपाटांत. ती अजून सापडताहेत. चिठ्ठ्यांचा गोल मोठ्या पुतणीने मांडला. पाकिटं एकेक उघडली. त्या वेळी बाळाकडे मामी बसल्या होत्या, जागच्या हलल्या नाहीत.

केक सुकामेव्याशिवाय केला. प्रमाणं आईंनी सांगितली, फेटणं माझ्या लेकाने केलं. पुतण्याने सगळ्यांच्याच ताटातला केक खाल्ला. त्याच्या आईने मला काही न बोलता फक्त घट्ट धरलं.

खोकं चोवीसला उघडलं. आत प्रत्येक मूर्ती वर्तमानपत्रात गुंडाळलेली, आणि सगळ्यात वर बाबांच्या अक्षरात एक कागद, कुठली कुठे ठेवायची त्याचा नकाशा. हे कोणालाच ठाऊक नव्हतं, आईंनाही. त्यांनी तो बराच वेळ हातात धरला. मग मुलांना म्हणाल्या, "हे त्यांचं. तुम्ही तुमचं मांडा." मुलांनी गाढव पुढे आणि देवदूत मागे ठेवला. नकाशा आईंनी शुभवर्तमानाच्या प्रतीत ठेवलाय.

वाचनाचे सहा तुकडे केले. चौथा आईंना दिला होता. आवाज मधेच थांबला. तेव्हा शेजारच्या मावशींनी पुढचं वाचायला घेतलं नाही, कोणीच घेतलं नाही, आम्ही थांबलो. त्यांनी पूर्ण वाचला. जेवणानंतर अर्धा तास शांत खोलीत जाऊन बसल्या आणि मग आपल्या आपण बाहेर आल्या.

ओसरी | २८ डिसेंबर

वाचून फार बरं वाटलं गं. आईंना माझा नमस्कार सांग.

मोठं पातेलं | २९ डिसेंबर

पक्ष्याचं काय झालं ते लिहिलं नाहीत. आणि उरलेलं?

थोरली सून | २९ डिसेंबर

दादा, साडेपाच किलोंचा होता, तीन दिवस फ्रीजमध्ये ठेवला. तापमापी लावली, ७४ दिसल्यावरच काढला. झाकून पाऊण तास. आईंनी पहिला काप खाऊन बघितला आणि मीठ कमी आहे म्हणाल्या. उरलेलं दोन तासांच्या आत आत गेलं, ते काम धाकट्या जाऊबाईंनी घेतलं होतं. ज्ञानी लोक आज खिडकीतून पुस्तकांच्या कपाटापर्यंत आलेत.